पदर कोणत्या खांद्यावर घ्यायचा?

सांगली जिल्ह्यातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला महत्त्वाचा भाग असा :

"माझं वय ३९. चौदा महिन्यांपूर्वी डावा स्तन पूर्ण काढला. मग केमो झाल्या, रेडिएशनचे १५ दिवस झाले, आता फक्त गोळी चालू आहे. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची, दोन्ही सिझेरियन. फेब्रुवारीत मला चाळीस पूर्ण होतील. त्याआधी माझा एक फोटो हवा आहे, जशी आहे तशी, व्रणासकट. आणि एक मुलीबरोबर. ती अधूनमधून विचारते, 'आई, तुझं इकडचं कुठे गेलं?' नवऱ्याकडे डीएसएलआर आहे, ट्रेकचे फोटो छान काढतो. गावात एक फोटोग्राफर बाईही आहेत, गरोदरपणाचे फोटो काढतात. कोणाकडून काढून घेऊ? आत्ताच काढू की व्रण अजून फिका होऊ देऊ? फोटो बाहेर गेले तर काय? सासूबाईंना कळलं तर 'हे काय नवीन खूळ' म्हणतील. आणि फोटो बघून मीच रडत बसले तर?"

ताई, एकेका प्रश्नावर येऊच. त्याआधी एक काम करा. वहीच्या एका पानावर, हा फोटो कोण कोण बघणार आहे त्यांची नावं लिहा. "घरचे" असं मोघम लिहू नका, एकेक नाव लिहा. मी. नवरा. धाकटी बहीण. मुलगी, मोठी झाल्यावर. हे पान आधी हवं, कारण कपडे, उजेड, फोटो कोणी काढायचा, प्रिंट कुठे काढायची, हे सगळं त्या यादीवरून ठरतं. बहुतेक वेळा यादी लिहिताना लक्षात येतं की याद्या दोन आहेत. एक फोटो कपाटात राहणार आहे आणि एक हॉलच्या भिंतीवर लागणार आहे. मग दोन्ही एकाच सकाळी, एकाच खिडकीपाशी काढा, पण फोटो वेगळे ठेवा. एकाच फोटोत दोघांचं समाधान करायला गेलं की अर्धवट झाकलेलं, अवघडलेलं काहीतरी निघतं, आणि ते कपाटातही नको वाटतं नि भिंतीवरही.

आता वेळेचं. ऑपरेशननंतर पहिले काही महिने व्रण उलट जास्त लाल आणि जाड होत जातो. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात तो मऊ पडतो, सपाट होतो, रंग उतरतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर तो नेहमी फिकाच होतो असं नाही, पुष्कळदा आजूबाजूच्या रंगापेक्षा गडद राहतो. तुमचे चौदा महिने झाले आहेत. अजून सहा महिने थांबून फार फरक पडणार नाही. डिसेंबर-जानेवारीत काढा. मात्र नियमित तपासणी ज्या आठवड्यात असेल तो आठवडा टाळा, त्या दिवसांत मन दुसरीकडेच असतं. कातडीला कुठे खपली, ओल, नवी लाली, गरमपणा किंवा हाताला लागणारी बारीक गाठ असेल, तर फोटो बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. फोटोसाठी नुसतं लक्ष देऊन बघतानाही अशा गोष्टी कधी कधी सापडतात.

व्रणाशिवाय आणखी काय दिसेल, हे आधी माहीत असावं. रेडिएशन दिलेल्या भागाची कातडी काळवंडलेली असते आणि त्या पट्ट्याची कड सरळ, पट्टीने आखल्यासारखी असते, कारण किरणांचा झोत तसाच आखून दिलेला असतो. रेडिएशनच्या खुणेसाठी सुईने गोंदलेले ठिपके असतील तर तेही तिळासारखे दिसतील. केमोसाठी पोर्ट (औषध सोडायला कातडीखाली ठेवलेली छोटी डबी) बसवला असेल तर गळपट्टीच्या हाडाखाली छोटी आडवी खूण असेल. व्रणाच्या बगलेकडच्या टोकाला कातडीची एक घडी राहते, ती बऱ्याच जणींना व्रणापेक्षा जास्त खुपते. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही : छातीची कातडी चेहऱ्यापेक्षा आणि हातांपेक्षा उजळ असते, कारण तिला ऊन लागलेलं नसतं. याचा कॅमेऱ्यावर काय परिणाम होतो ते पुढे सांगतो.

यातलं काय दाखवायचं आणि काय मागे ठेवायचं, हे ठरवायला मेकअप लागत नाही. उजेड कुठल्या बाजूने येतो यावर ते ठरतं. म्हणून फोटोच्या आधी एक दिवस खिडकी नीट बघून घ्या.

उत्तरेची खिडकी मिळाली तर उत्तम, तिथे थेट ऊन येत नाही. पूर्वेची असेल तर ऊन खोलीतून बाहेर गेल्यावर, म्हणजे साडेदहा-अकरानंतर काढा. आपल्याकडच्या खिडक्यांना ग्रिल असतं आणि उघड्या अंगावर त्याच्या पट्ट्या उमटतात. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे पांढरं सुती धोतर. ते दुहेरी करून ग्रिलवर बाहेरून बांधा, खिडकीभर मऊ उजेड पसरतो. रंगीत पडदा चालणार नाही, त्याचा रंग थेट कातडीवर येतो. भिंतींचंही तेच. पोपटी किंवा गुलाबी भिंतीपाशी बसलात तर हनुवटीखाली आणि छातीच्या बाजूला तोच रंग चढतो. भिंतीवर पांढरी किंवा राखाडी चादर ताणून लावा. ट्यूबलाइट, बल्ब, देवघरातला दिवा, सगळे बंद करा. दोन रंगांचा उजेड एकत्र आला की कातडी एका बाजूला हिरवट आणि दुसऱ्या बाजूला पिवळट दिसते, आणि ते नंतर कॉम्प्युटरवर निस्तरत नाही.

खिडकीपासून तीन-चार फुटांवर एक स्टूल ठेवा, पाठीमागची भिंत पाच-सहा फूट लांब असू द्या. आता स्टूलवर बसून हळूहळू वळा आणि नवऱ्याला व्रणाकडे बघायला सांगा. खिडकी तुमच्या समोर, थोडी तिरकी असेल तर उजेड व्रणाच्या उंचसखल भागावर सारखा पडतो आणि व्रण रेषेसारखा, शांत दिसतो. खिडकी बरोबर बाजूला आली की प्रत्येक घडीची सावली पडते. टाक्यांची ओळ, खोलगट भाग, बगलेकडची घडी, सगळं ठळक होतं. वरून येणारा उजेड सगळ्यात वाईट, त्यात घड्याच तेवढ्या दिसतात. आणि बाजूचा उजेड घ्यायचाच असेल तर कुठल्या बाजूचा, हेही बघा. डावीकडून, म्हणजे ऑपरेशनच्या बाजूने उजेड आला तर डावी बाजू पूर्ण उजळते आणि व्रण वाचता येतो. उजवीकडून आला तर उजव्या स्तनाची सावली पसरून व्रणावर येते. तेव्हा व्रणाचा तपशील हरवतो, पण एक बाजू भरलेली आणि एक सपाट, हा फरक जास्त बोलतो. दोन्ही फोटो खरेच असतात. तुम्हाला "व्रणासकट" हवा आहे, तर सुरुवात डावीकडच्या तिरक्या उजेडाने करा. सावलीची बाजू फार काळी पडली तर तिकडे तीन-चार फुटांवर पांढरा थर्माकोल उभा करा. सावली गडदच हवी असेल तर थर्माकोलच्या जागी काळं कापड टांगा.

पोटाचं वेगळं आहे. बाळंतपणाच्या पांढुरक्या रेषा समोरच्या मऊ उजेडात जवळजवळ नाहीशा होतात. त्या हव्या असतील तर त्या एका फोटोपुरतं खिडकीला काटकोनात बसा. छातीवरचा व्रण आणि सिझेरियनचा व्रण एकाच फोटोत घ्यावा असं पुष्कळ बायकांना आपणहून वाटतं. तुम्हालाही वाटलं तर उभं राहून घ्या, बसल्यावर पोटाच्या घडीत सिझेरियनची खूण लपते.

हॅलोजन किंवा तापणारे दिवे मात्र वापरू देऊ नका, कोणीही आणले तरी. ऑपरेशननंतर छातीचा आणि दंडाच्या आतला काही भाग बधिर राहतो. चटका बसला तरी कळत नाही.

कपड्यांबाबत एक साधी गोष्ट बघा. आपण साडीचा पदर डाव्या खांद्यावर घेतो. तुमचं ऑपरेशन डाव्या बाजूचं आहे. म्हणजे गेल्या चौदा महिन्यांतल्या प्रत्येक साडीतल्या फोटोत ती बाजू आपोआप झाकली गेली आहे. भिंतीवरच्या फोटोसाठी ते सोयीचंच आहे, नेहमीसारखा पदर घ्या. कपाटातल्या फोटोसाठी पदर गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे घ्या. उजवा स्तन झाकलेला राहतो, डावी बाजू मोकळी होते. पूर्ण उघडं न होता व्रण दाखवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. साडी जुनी, धुऊन मऊ झालेली, मलमलीची किंवा साधी सुती असू द्या. खळ दिलेली साडी बोचते आणि जरीचा काठ रेडिएशनच्या कातडीवर ओरखडे काढतो. रंग पांढरट, राखाडी, निळा, मेंदी असे चालतील. लाल-केशरी नको, त्याची लाली व्रणावर चढते आणि बरा झालेला व्रण ताजा दिसायला लागतो. पदर जागेवर राहावा म्हणून कातडीला चिकटपट्टी लावायची नाही, मग ती "स्किन टेप" का असेना. पदराच्या मागे परकराला सेफ्टी पिन लावा, काम होतं.

लांब मंगळसूत्र सपाट बाजूकडे घसरतं आणि तिरकं बसतं. आखूड घाला किंवा घालू नका. डाव्या हातात घट्ट बांगड्या, घड्याळ, वाकी काही नको, हात सुजण्याचा धोका असलेल्या बाजूला दाब नकोच. आदल्या रात्रीपासून सैल गाऊन घाला. ब्राचे आणि परकराच्या नाडीचे वळ उतरायला काही तास लागतात आणि फोटोत ते व्रणापेक्षा आधी डोळ्यात भरतात. रेडिएशननंतर कातडी कोरडी पडते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं मॉइश्चरायझर दोन तास आधी लावा आणि फोटोच्या वेळी कापसाने टिपून घ्या. खोबरेल तेल लावू नका. व्रणाच्या कातडीवर लव नसते, त्यामुळे ती आधीच गुळगुळीत असते. तेलाने ती प्लास्टिकसारखी चमकते.

कॅमेरा कोणाच्या हातात द्यायचा? आमचं मत स्पष्ट आहे : कपाटातला फोटो नवऱ्याने काढावा, मुलीबरोबरचा हवा तर त्या फोटोग्राफर बाईंनी. पण एका अटीवर. फोटोचा दिवस हा नवऱ्याने व्रण पहिल्यांदा बघण्याचा दिवस असू नये. ते आधी, कॅमेऱ्याशिवाय, होऊ द्या. आणि त्यांना एक सूचना द्या : कॅमेरा डोळ्याला लावल्यावर गप्प व्हायचं नाही. फोटो काढणारा माणूस आकड्यांच्या विचारात गप्प होतो, आणि समोर उघड्या अंगाने बसलेल्या बाईला ती शांतता नापसंती वाटते. "हनुवटी खाली, छान, आता खिडकीकडे बघ," असं साधं बोलत राहिलं तरी पुरे. दोन रविवार आधी तुम्हाला गाऊनवर बसवून त्यांनी सराव करावा.

त्यांच्यासाठी थोडं तांत्रिक. किट लेन्स १८-५५ असेल तर ती ५५ वर ठेवा आणि मागे सरका. ५० एमएमची लेन्स असेल तर फारच चांगलं. १८ वर ठेवून जवळ गेलं की भिंगाजवळचं मोठं दिसतं, म्हणजे उजवी बाजू आणखी पुढे आणि डावी आणखी खोल जाते. मोबाइलनेही हेच होतं, म्हणून मोबाइल वापरला तर दुप्पट झूम, ब्यूटी मोड पूर्ण बंद, आणि स्टँडवर छातीच्या उंचीला. ब्यूटी मोड व्रणाला डाग समजून पुसतो. छिद्र एफ/४ ते एफ/५.६ ठेवा. पार्श्वभूमी धूसर व्हावी म्हणून एफ/१.८ वापरण्याचा मोह होतो, पण ८५ एमएमच्या लेन्सने दीड मीटरवरून त्यात जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. डोळे स्पष्ट आणि व्रण धुरकट, किंवा उलट, असं होतं. शटर १/१२५, आयएसओ ८०० ते १६००. थोडे दाणे दिसले तर दिसू द्या. व्हाइट बॅलन्स "ऑटो"वर नको, दिवसाच्या उजेडावर किंवा ५२०० केल्व्हिनवर पक्का करा, नाहीतर प्रत्येक फोटोत कातडीचा रंग वेगळा येतो. फाइल रॉमध्ये घ्या.

उजेडाचं मोजमाप चेहऱ्यावरून घेऊ नका. वर म्हटलं तसं छाती चेहऱ्यापेक्षा उजळ असते. चेहऱ्यावर मोजलं की छाती पांढरीफटक पडते आणि व्रण त्यात विरघळून जातो. गळपट्टीखालच्या उजव्या बाजूच्या कातडीवर मोजा आणि चेहरा थर्माकोलने उजळवा. मागे गडद चादर असेल तर कॅमेरा फसून सगळंच पिठूळ करतो, तेव्हा एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी करा.

बसण्याबद्दल थोडं. ऑपरेशनच्या बाजूचा खांदा नकळत पुढे येतो, जणू ती जागा झाकायलाच. "ताठ बसा" म्हटल्याने तो मागे जात नाही, मान फक्त ताठते. श्वास सोडा, दोन्ही खांदे एकदा वर, मागे आणि खाली सोडा, आणि त्या क्षणी फोटो. हात डोक्यावर घेण्याची पोझ कोणी सुचवली तर आधी स्वतःला विचारा : दोरीवर कपडे वाळत घालताना हात किती वर जातो? तेवढाच, त्यापुढे नाही. बगलेत दोरीसारखा ताण येत असेल तर तेवढाही नको. गोळीमुळे अचानक गरम वाफा येतात, म्हणून पंखा, पाण्याचा तांब्या आणि सुती पंचा जवळ ठेवा. सगळी मिळून दोन तासांची सकाळ धरा. त्यातली कॅमेऱ्यासमोरची चाळीस मिनिटं पुरतात, मध्ये दहा-दहा मिनिटं विश्रांती. "थांब" हा शब्द ठरवून घ्या. तो म्हटला की कॅमेरा टेबलावर, कारण विचारायचं नाही.

आणि गुलाबी रिबन, बॉक्सिंगचे हातमोजे, तलवार, "योद्धा"छाप पोझ यातलं काही घेऊ नका. ज्यांना ते हवं असतं त्यांच्यासाठी ते ठीक आहे. तुम्ही पत्रात "जशी आहे तशी" असं लिहिलं आहे.

आता मुलीबरोबरचा फोटो. तिला "इथे हात ठेव" असं सांगून व्रणावर हात ठेवायला लावू नका. त्या जागी तुम्हाला तिचा स्पर्श धड जाणवणार नाही, तिला तुमचा अवघडलेपणा मात्र जाणवेल आणि फोटोत तोच येईल. केमो संपून वर्ष होत आलं असणार, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे आता बोटांत धरण्याइतके झाले असतील, कदाचित पूर्वीपेक्षा कुरळे. तिच्या हातात कंगवा द्या. तुम्ही पाटावर बसा, तिला मागे उभी करा, आणि तुमचे केस विंचरू द्या. चार वर्षांची मुलगी हे मन लावून करते, कॅमेऱ्याकडे बघत नाही, आणि तिचा चेहरा आपोआप तुमच्या चेहऱ्याच्या उंचीवर येतो. शटर इथे १/२५० करा. तिला डाव्या हातावर उचलून घ्यायचं नाही, चार वर्षांच्या मुलाचं वजन पंधरा किलोच्या आसपास असतं. या फोटोत ती पूर्ण कपड्यांत, तुम्ही पदर घेऊन. उघड्या अंगाच्या फोटोत मुलांना घेऊ नका. ती त्याला होकार देण्याच्या वयाची नाही, आणि फोटो कधी चुकून कोणाच्या हाती लागला तर मुलाच्या फोटोचा प्रश्न फार गंभीर होतो. "इकडचं कुठे गेलं" याचं उत्तर विंचरताना पुन्हा आलं तर सरळ सांगा : तिथे वाईट गाठ झाली होती, डॉक्टरांनी ती काढून टाकली, आता तिथे अशी रेघ आहे. चार वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं.

फोटोग्राफर बाईंना आधी चार प्रश्न विचारा. फोटोच्या वेळी खोलीत आणखी कोण असेल? फोटोंवरचं काम कोण करतं, त्या स्वतः की बाहेर पाठवतात? फाइल कुठे ठेवतात? रीटच न केलेला एखाद्या बाईच्या कातडीचा फोटो, तिच्या परवानगीने, दाखवू शकतील का? गरोदरपणाचे फोटो काढणाऱ्यांना कातडी गुळगुळीत करायची सवय असते. बरेच स्टुडिओ एडिटिंग आणि अल्बमचं काम बाहेरच्या माणसांना देतात, हे त्यांना नेहमीचं असतं म्हणून ते आपणहून सांगत नाहीत. त्याचं उत्तर "बाहेर जातं" असं आलं तर तिथे फक्त पदरातले फोटो काढा.

मेमरी कार्ड स्वतः विकत आणा, कॅमेऱ्यात तेच घालायला सांगा, आणि काम झालं की परत घ्या. डिलीट केलेले फोटो कार्डावरून परत काढता येतात, त्यामुळे "डिलीट केले" यावर समाधान मानू नका. कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दुसरं बाहेर काढायला सांगा. कागदावर साध्या मराठीत लिहून दोघींनी सही करा : फोटो कोणत्या तारखेला काढले, ते कोणाला दाखवता येतील, जाहिरातीत किंवा इन्स्टाग्रामवर वापरायचे नाहीत, अमुक तारखेपर्यंत सगळ्या प्रती पुसायच्या. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालकी हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणून त्यांनी छापील फॉर्म पुढे केला तर तो वाचल्याशिवाय सही नको, हा हक्क बहुधा तिथेच जातो.

घरातल्या घरात फोटो बाहेर जाण्याचा सगळ्यात मोठा रस्ता कोणता, तर मोबाइलचा आपोआप होणारा बॅकअप. तोच अकाउंट मुलाच्या टॅबवर किंवा टीव्हीवर चालू असेल तर नऊ वर्षांच्या मुलाला हॉलमध्ये आईचा फोटो दिसेल. फोटोच्या सकाळी बॅकअप बंद करा. फाइल एका पेन ड्राइव्हवर, पासवर्ड घालून, आणि तिची एक प्रत बहिणीकडे. व्हॉट्सअॅपवर नवऱ्यालासुद्धा पाठवू नका, गॅलरीत प्रती वाढत जातात. एवढं करूनही कोणी फोटो पसरवलेच, तर फोटो काढायला दिलेला होकार पसरवायला दिलेला होकार होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ हे स्पष्ट सांगतं, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ईमध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, हेल्पलाइन १९३०.

सासूबाईंच्या "नवीन खुळा"ला उत्तर द्यायलाच हवं असं नाही, त्यांचं नाव कपाटाच्या यादीत नसेल तर त्यांना भिंतीवरचा फोटो दाखवा. पण तुमच्या मनासाठी सांगतो, हे नवीन नाही. ब्रिटनच्या फोटोग्राफर जो स्पेन्स यांनी १९८२ मध्ये ऑपरेशनच्या आधी स्वतःच्या स्तनावर "ही जो स्पेन्सची मालमत्ता?" असं लिहून फोटो काढून घेतला होता. १५ ऑगस्ट १९९३ च्या न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनच्या मुखपृष्ठावर माटुश्का या कलावतीने स्वतः काढलेला स्वतःचा फोटो आला, ऑपरेशनच्या बाजूला कापून मोकळा ठेवलेल्या पांढऱ्या पोशाखातला. तुमचा गुजराती पदर तेच काम करतो. आणि ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे अशा वाचकांनी जमलं तर त्याआधीचाही एक फोटो काढून ठेवावा. अनेकींना नंतर त्याची आठवण येते.

रडू येण्याबद्दल. कदाचित येईल, आणि त्यामागे एक साधं कारण असू शकतं. तुम्ही स्वतःला चौदा महिने आरशात बघत आला आहात. आरशात डावी बाजू डावीकडेच दिसते, फोटोत ती उजवीकडे जाते. भांग, चेहरा, व्रण, सगळं उलटं, त्यामुळे "ही मी नाही" असा धक्का बसतो आणि तो व्रणाच्या माथी मारला जातो. म्हणून नवऱ्याला सांगा, प्रत्येक फोटोची एक आडवी उलटवलेली प्रत बनवा आणि आधी ती बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर त्याच वेळी बघू नका. दुसऱ्या दिवशी, मोठ्या पडद्यावर, निवडलेले वीस-पंचवीसच, ज्याच्यासमोर रडायला संकोच वाटत नाही अशा एका माणसाबरोबर बघा. रडू दोन-चार दिवस थांबलंच नाही, झोप उडाली, तर उपचार घेतलेल्या रुग्णालयात समुपदेशक आहेत का विचारा आणि त्यांना भेटा.

फोटोवर काम करताना नियम एकच : आठवड्यात जाणारं पुसा, राहणारं ठेवा. डासाचा चावा, नाडीचा वळ पुसा. व्रण, रेघा, गोंदलेले ठिपके तुम्ही सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. कृष्णधवल करणार असाल तर लाल रंगाची पट्टी जपून फिरवा. ती वाढवली की लालसर व्रण उजळून दिसेनासा होतो, कमी केली की गडद होतो. तिथे पुन्हा तोच निर्णय आहे जो खिडकीपाशी घेतला होता, तेव्हा पट्टी फिरवताना तुम्ही शेजारी बसा.

प्रिंट आठ बाय दहा इंचाची, मॅट कागदावर. चकचकीत कागदावर कपाटाचं दार उघडलं की खिडकीच दिसते. भिंतीवरचा फोटो नेहमीच्या लॅबमध्ये द्या. कपाटातला ओळखीच्या कोणाच्या प्रिंटरवर, समोर उभं राहून काढा. सुती मॅट कागद असेल तर मागच्या बाजूला, कोपऱ्यात, ४बीच्या मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. तारीख, फोटो कोणी काढला, आणि त्या दिवशी तुमचं वय किती होतं ते.